केळ्याच्या आकाराचं पाण्याचं रॉकेट दर वेळी कोलांटी मारतंय? पंप खाली ठेवा, आधी हे तपासा

बाटलीत थोडं पाणी घेऊन ती उभ्या नळीवर उलटी बसवायची, पंपानं हवा भरायची, खटका सोडला की पाण्याच्या फवाऱ्यावर ती उडते, ते हे रॉकेट. लक्षण असं. रॉकेट नळीवरून सुटतं, दोन पुरुष उंचीपर्यंत सरळ जातं, मग मान टाकतं आणि कोलांटी मारून ढेकळांत शिरतं. दाब वाढवला तर तीच कोलांटी जास्त जोरात होते. पाणी कमी-जास्त करून पाहिलं तरी फरक पडत नाही. बाटली बदलली, पंखांना नवी टेप लावली, तरी चौथ्या उड्डाणाला पुन्हा तेच.

मी जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या पट्ट्यात, चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. प्रदर्शनासाठी रॉकेट करायचं ठरलं तेव्हा सातवीच्या पोरांनी हट्टच धरला की आपल्या भागाचं रॉकेट केळ्यासारखंच दिसलं पाहिजे. मला ते मनापासून पटलं. २ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली आत सरळ ठेवायची आणि तिच्यावर बाक असलेलं पिवळं टरफल चढवायचं, अशी रचना केली. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत आम्ही ते किती वेळा पाडलं याची पोरांनी वहीत नोंद ठेवली आहे. त्या वहीतूनच हे लिहितो आहे, कारण वाकडा, बुटका, चपटा, कसलाही विचित्र आकार घेतला तरी दुखणं बहुतेक हेच निघतं. रॉकेटला जोर कमी पडत नसतो, त्याचा तोल चुकलेला असतो.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट. हे सगळं फक्त पाणी आणि हवेच्या रॉकेटबद्दल आहे. फटाक्यांतली दारू काढून नळीत ठासायचा विचार कुणाच्या डोक्यात येत असेल तर तो आत्ताच काढून टाका. विनापरवाना स्फोटकं बनवणं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोरांची बोटं आणि डोळे. पाण्याचं रॉकेटही खेळणं समजू नका. ६० पीएसआय (पंपाच्या मापकावरचं दाबाचं एकक) दाबाला बाटलीच्या २२ मिलीमीटरच्या तोंडातून सुरुवातीला साधारण ३० किलो वजनाएवढा रेटा मिळतो. तोंडासमोर वाकून कुणी पाहायचं नाही. हवा भरल्यावर जवळ जायचं नाही. खटका लांब दोरीनं ओढायचा आणि पोरं १५ मीटर मागं उभी करायची.

आता तपासणी.

पहिल्यांदा एकच करा. रॉकेटच्या फुगीर बाजूला, म्हणजे केळ्याच्या पाठीला, वरपासून खालपर्यंत लाल टेपची पट्टी चिकटवा. मग लागोपाठ चार उड्डाणं करा. दाब तोच, पाणी तेवढंच. फक्त दर वेळी रॉकेट नळीवर पाव फेरी फिरवून ठेवायचं. लाल पट्टी पहिल्यांदा गावाकडे, मग सातपुड्याकडे, मग विहिरीकडे, मग रस्त्याकडे. कोणत्या दिशेला कललं ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा.

चारही वेळा ते लाल पट्टीच्याच बाजूला किंवा चारही वेळा तिच्या उलट बाजूला कललं, तर दोष रॉकेटच्या अंगात आहे, त्याची एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी आहे. पट्टी कुठंही असो, ते कायम विहिरीकडेच जात असेल तर रॉकेटला दोष देऊ नका. नळी तिरपी आहे किंवा वारा आहे. आणि कशाचा कशाला मेळ नसेल, एकदा इकडे, एकदा तिकडे, एकदा जागच्या जागी गरगर, तर मुळात स्थैर्यच नाही. या तीन दुखण्यांना तीन वेगळी औषधं आहेत. आम्ही महिनाभर चुकीचं औषध देत होतो, कारण ही चार उड्डाणं आम्हाला सुचलीच नव्हती. ४० पीएसआयला वाकडं जातंय म्हणून ५०, मग ६०, मग ७०. त्या ७० च्या उड्डाणाला ते अर्धं वर्तुळ घेऊन आमच्याच दिशेनं आलं. बांधावर बसलेला एक मुलगा ओरडला, "सर, हाई केळं ते परत आपलाकडेच उनं!" (उनं म्हणजे आलं.) त्या दिवशी मी पंप बंद केला.

मेळ नसलेल्या कोलांट्यांपासून सुरुवात करू, कारण हे दुखणं असेल तर बाकीचं काही कळतच नाही.

रॉकेट हवेत फिरतं ते स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे जिथं त्याचं सगळं वजन तोललं जातं त्या बिंदूभोवती. हवेचा बाजूनं येणारा दाब जणू एका बिंदूवर एकवटतो, त्याला दाबमध्य म्हणू. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागं, शेपटीकडे असेल तर वारा शेपूट मागं ढकलतो आणि नाक सरळ होतं. छपरावरचा वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा, असाच वाऱ्याला तोंड देतो. दाबमध्य पुढं गेला की वारा नाकच मागं ढकलतो आणि कोलांटी ठरलेली. दिवाळीतल्या रॉकेटची लांब काडी हेच काम करते, हवेचा दाब मागं ओढून ठेवते.

गुरुत्वमध्य काढायला रॉकेट आडवं करून बोटावर किंवा सुतळीवर तोलायचं. पाणी न भरता तोलायचं, हे विसरू नका. ६० पीएसआयला साडेसहाशे मिली पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच बाहेर फेकलं जातं, पुढचा सगळा प्रवास रिकाम्या रॉकेटचाच असतो. दाबमध्याचा अंदाज पुठ्ठ्यावरून येतो. रॉकेट पुठ्ठ्यावर आडवं ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा, आकृती कापा आणि ती मोजपट्टीच्या धारेवर तोला. जिथं तोलते तिथं दाबमध्य समजा. खरा दाबमध्य सरळ उड्डाणात सहसा याच्याही थोडा मागं असतो, त्यामुळे हा अंदाज सावध बाजूचा आहे. वाकड्या आकाराच्या मात्र दोन आकृत्या काढाव्या लागतात, एक बाजूनं आणि एक पोटाकडून. दोन्हींत जी जास्त वाईट येईल, म्हणजे जिच्यात दाबमध्य जास्त पुढं येईल, ती खरी धरायची.

आमचे आकडे देतो. रॉकेट ७८ सेंटिमीटर लांब, रिकामं वजन ३६० ग्रॅम. गुरुत्वमध्य नाकापासून ४२ सेंटिमीटरवर, पुठ्ठ्याचा मध्य ३९ वर. म्हणजे दाबमध्य ३ सेंटिमीटर पुढं! इतका दाब घालूनही ते का लोळत होतं, ते त्या पुठ्ठ्यानं पट्टीवर टेकल्या क्षणी सांगितलं. मग नाकात, टोकापासून ५ सेंटिमीटरवर, ९० ग्रॅम वजन घातलं. एकूण ४५० ग्रॅम झालं आणि गुरुत्वमध्य ३४.६ वर आला. पंख मोठे करून मागं ओढले तेव्हा पुठ्ठ्याचा मध्य ४६ वर गेला. मधलं अंतर साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बाटलीच्या जाडीएवढं. किमान एवढं अंतर ठेवायचंच.

पंखांना सनपॅकची, म्हणजे आत बारीक नळ्या असलेल्या प्लास्टिकची शीट घ्या, जुन्या जाहिरातीच्या बोर्डांतून मिळते. नळ्यांची दिशा रॉकेटच्या लांबीला आडवी ठेवा, म्हणजे पंख बाटलीपासून बाहेरच्या बाजूला ताठ राहतो. उभी ठेवली तर तो मुळाशीच मुडपतो. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा पहिल्याच उड्डाणाला भिजून मऊ पडतो, तो आकृती कापायलाच वापरा.

यानंतर गोफण. इंग्रजी पुस्तकांत या चाचणीला काहीही म्हणोत, आपल्याकडे ज्वारीवरची पाखरं हाकलणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. गुरुत्वमध्यावर सुतळी बांधा, ती सरकू नये म्हणून टेप लावा आणि मोकळ्या जागेत तीन मीटर सुतळीनं रॉकेट डोक्याभोवती फिरवा. नाक पुढं धरून फिरलं तर ठीक. शेपूट पुढं आली किंवा आडवं फिरलं तर नळीवर चढवूच नका. सुतळी आखूड ठेवली तर चांगलं रॉकेटही नापास होतं, कारण वर्तुळच लहान पडतं.

आता अशी एक गोष्ट सांगतो जिनं आमचे दोन आठवडे खाल्ले. सकाळी गोफणीत पास झालेलं रॉकेट दुपारी कोलांटी मारायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पास, पुन्हा कोलांटी. शेवटी नाकाची टोपी काढून हातात घेतली आणि हलवली, तर आत खुळखुळ वाजलं. नाकातलं वजन म्हणून पोरांनी शेतातली काळी माती ओली करून ठासली होती. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी बसते, पण वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. टोपीतला गोळा वाळून सुपारीसारखा कडक झाला होता आणि कडेनं चांगली बोटभर फट पडली होती. गोफणीत तो बाहेर, टोपीच्या भिंतीला दाबून बसायचा, म्हणून पास. उड्डाणात मात्र नळीवरून सुटताना एवढा झटका बसतो की गोळा मागं बाटलीच्या बुडावर आपटायचा, गुरुत्वमध्य मागं सरकायचा आणि पुढचं सगळं बिघडायचं. शिवाय एवढा कडक गोळा नाकात घेऊन खाली येणारं रॉकेट कुणाच्या डोक्यावर पडलं असतं तर? त्या विचारानं मला आजही बरं वाटत नाही. तेव्हापासून नाकात शाळेतला मऊ क्ले फुग्यात बांधून घालतो आणि उरलेली पोकळी फोमनं ठासून भरतो. टोपी कानाशी धरून हलवायची, आवाज आला तर उड्डाण नाही, हा आता आमचा नियम आहे. खडे, नटबोल्ट, शिसं नाकात कधीच घालू नका.

एवढं केल्यावर आमच्या कोलांट्यांचा गोंधळ थांबला. पण रॉकेट सरळ गेलं नाही. ते आता नेमानं, दर वेळी, लाल पट्टीच्या बाजूला कलू लागलं. मला याचा आनंदच झाला, कारण ठरलेल्या बाजूला कलणारं रॉकेट दुरुस्त करता येतं.

इथं मोबाईलचा स्लो-मोशन व्हिडिओ कामाला येतो. बाजूनं घ्या, पाण्याचा फवारा स्पष्ट दिसला पाहिजे. रॉकेट कलायला फवारा चालू असतानाच सुरुवात झाली, की फवारा संपल्यावर? फवारा चालू असताना कललं तर रेट्याची रेघ गुरुत्वमध्यातून जात नाही. फवारा संपल्यावर कललं तर आकाराचा बाक हवेत वळवतो आहे. आमचं दोन्ही होतं, पण पहिलं जास्त होतं.

रेट्याचा हिशेब वहीत असा आहे. टरफलाचं वजन १८० ग्रॅम आणि त्याचा मध्य बाटलीच्या आसापासून, म्हणजे तिच्या मधोमध जाणाऱ्या उभ्या रेघेपासून, पाठीकडे ६ सेंटिमीटर. पाणी भरलेल्या रॉकेटचं एकूण वजन ११०० ग्रॅम. १८० गुणिले ६, भागिले ११००, म्हणजे गुरुत्वमध्य आसापासून जवळजवळ १ सेंटिमीटर पाठीकडे सरकलेला. पाणी संपता संपता वजन ४५० वर येतं तेव्हा हेच अंतर २.४ सेंटिमीटर होतं. रेटा मात्र बाटलीच्या आसातूनच येतो. एक सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण ३० किलोचा रेटा एक सेंटिमीटर बाजूनं लागला की पाणी संपेपर्यंत रॉकेटला सेकंदाला अर्ध्या फेरीहून जास्त फिरण्याची गती मिळते. ज्या बाजूला वजन, त्या बाजूला नाक कलतं. आमची लाल पट्टी पाठीवर होती आणि वजनही तिकडेच.

यावर शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी सुचवलं की फवाऱ्याचं तोंड, म्हणजे नोझल, वर घेऊन नाकाशी लावू, म्हणजे वजन खाली लोंबेल आणि लंबकासारखं आपोआप सरळ राहील. हा विचार इतका सहज पटतो की रॉबर्ट गोडार्डनंही १६ मार्च १९२६ रोजी उडवलेल्या जगातल्या पहिल्या द्रवइंधन रॉकेटला इंजिन वर आणि टाक्या खाली अशीच रचना केली होती. ते अडीच सेकंद उडालं, साडेबारा मीटर उंच गेलं. पुढं त्यानंच इंजिन मागं नेलं. लंबक सरळ होतो कारण वरची खुंटी जागेवर धरलेली असते. रॉकेटचं नोझल रॉकेटबरोबरच कलतं, त्यामुळे रेटाही त्याच्याबरोबर कलतो आणि सरळ करणारं काहीच उरत नाही. या वाटेनं जाऊ नका.

आमचा पहिला उपाय टरफल हलकं करण्याचा. कागदाचा लगदा सोडला आणि एक्सपोर्टच्या खोक्यांत केळीच्या फण्यांमध्ये घालतात तो पांढरा फोम घेतला. पॅकिंग हाऊसवर त्याचे फाटके तुकडे मागितले की मिळतात. टरफल १८० वरून ७० ग्रॅमवर आलं. उरलेला तोल पोटाच्या बाजूला बाटलीवर क्लेची पट्टी लावून साधला. किती क्ले लागेल ते मोजायला रॉकेट नाकाला, बाटलीच्या आसाच्या बरोबर रेषेत, दोरा बांधून लोंबकळतं ठेवा आणि दोऱ्याची रेघ बाटलीच्या तोंडाच्या बरोबर मध्यातून जाते का ते पाहा. जात नसेल तर जाईपर्यंत क्ले लावा. दाराच्या चौकटीला टांगून पाच मिनिटांत होणारं हे काम आहे आणि मला ते सगळ्यांत आवडतं, कारण तोल डोळ्यांनी दिसतो.

बाकाचं काय? वाकलेलं अंग हवेत सरळ राहूच शकत नाही, ते थोडं तिरपं होऊन एक बाजू धरतं आणि मग वाट गोलाकार होते. यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पंख चार-पाच अंश तिरपे लावायचे, सगळे एकाच दिशेला, म्हणजे रॉकेट स्वतःभोवती फिरत जातं आणि बाकाचा ओढा सगळ्या बाजूंना वाटला जातो. वाट मळसूत्रासारखी होते, पण वर जाते. पॅराशूट असेल तर फिरण्यामुळे दोऱ्यांना पीळ बसतो, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग एका मुलीनं शोधला. आठवडाभर आम्ही क्ले लावत, काढत बसलो होतो. ती म्हणाली, "सर, झाडावर एकटं केळं कुठं असतं? फणी करू." बाटलीभोवती तीन बारीक केळी, सारख्या अंतरावर, तिन्हींची पाठ बाहेर. एकाचा बाक दुसरी दोन खोडून काढतात, वजन आपोआप आसावर येतं. फोमचं एकेक केळं ४० ग्रॅमचं, तिन्ही मिळून १२०. पंख तीनच, दोन केळ्यांच्या मधल्या जागेत. पुठ्ठा, गोफण, टांगणी, तिन्हींत पहिल्याच फेरीला पास. हरभरा काढलेल्या शेतात ते उडवलं तेव्हा बांधावरच्या कडुलिंबाच्या शेंड्यापार जाऊन, वर क्षणभर थांबून, नाक खाली करून आलं. एकटंच केळं हवं असा तुमचा आग्रह असेल तर क्ले आणि तिरपे पंख आहेतच, पण मला विचाराल तर फणीच करा. ती जास्त केळीची दिसते.

काही बारीक गोष्टी, ज्या आम्हाला आडव्या आल्या. नळी अर्ध्या इंचाची जाड यूपीव्हीसी घ्या, ती बाटलीच्या तोंडात नीट बसते. ती आत निदान २० सेंटिमीटर गेली पाहिजे, म्हणजे रॉकेट वेग घेईपर्यंत तिच्याच आधारानं सरकतं. नळीवरच्या ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला, साबणाचं पाणी लावा, कोरडी अडकली तर सुटताना झटका बसतो आणि रॉकेट तिथंच कलतं. नळीचा उभेपणा गवंड्याच्या ओळंब्यानं पाहा, डोळ्यानं नाही. पाणी बाटलीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच भरा. जास्त भरलं तर रॉकेट जड होऊन नळी मंद गतीनं सोडतं.

बाटलीला गरम ग्लू गन किंवा फेविक्विक लावू नका. बाटलीचं पेट (PET) प्लास्टिक ७० अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतं आणि ग्लू त्याच्या दुप्पट गरम असतो. फेविक्विकनं ते ठिसूळ होतं. टेप आणि डबल साइड टेप पुरते. पाण्याची पातळ बाटली कधीच वापरू नका, गॅसवाल्या कोल्ड्रिंकचीच घ्या, आणि ओरखडा किंवा पांढरट घडी दिसली की टाकून द्या. मार्चच्या शेवटी आपल्याकडे ऊन चढतं तेव्हा हवा भरलेली बाटली उन्हात ठेवून पोरांना रांगेत लावत बसू नका. भरलं की लगेच सोडा.

केळीच्या बागेजवळ उडवू नका. घडावर एक ओरखडा पडला तरी शेतकऱ्याचा भाव पडतो, आणि पान फाटलं तर ते काही शिवता येत नाही.

एक शेवटचं दुखणं आमच्याकडे अजून आहे. पंख मोठे केल्यावर रॉकेट वारा असला की तो येतो त्या दिशेला तोंड करून तिकडे झुकत जातं. दिसायला हे जुन्या कलण्यासारखंच दिसतं, म्हणून पुन्हा क्ले लावायला धावू नका. लाल पट्टीची चार उड्डाणं परत करा. पट्टी फिरवली तरी ते वाऱ्याकडेच जात असेल तर रॉकेट निरोगी आहे. आम्ही सकाळी सातला, केळीची पानं हलत नसतात तेव्हा उडवतो.